घर बसलं

दत्ताजी सुताराला लाकूड कळायचं, माणूस कळायचा नाही. सागाच्या फळीवर नुसता अंगठा फिरवून हिला आतून कीड आहे की नाही ते तो सांगायचा. पण समोरचा माणूस काय म्हणतोय ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं म्हटलं की याचा जीव वर-खाली व्हायचा. अर्धं ऐकायचं, अर्धं आपल्या मनातलं घालायचं आणि मिशीवर हात फिरवत गप्प बसायचं, असा त्याचा खाक्या. या गप्प बसण्याला लोक भारदस्तपणा म्हणत. रुक्मिणी, त्याची बायको, तीही तसंच म्हणे. बिचारीला दुसरं काय म्हणता येणार होतं?

पवारांच्या फौजेबरोबर तोफांचे गाडे दुरुस्त करत त्याचे पूर्वज माळव्यात आले होते. धारला गावाबाहेर तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे तळ्याचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाखाली, त्यांची थोडी जागा होती. त्या जागेवर दत्ताजीनं स्वतःच्या हातानं घर उभं केलं. भिंती मातीच्याच, पण दाराची चौकट उदयनगरच्या जंगलातल्या सागाची. चौकटीवर वेलबुट्टी, वर गणपती. भिंती आज ना उद्या पडतील, चौकट माझ्या नातवाचा नातू बघेल, असं तो सगळ्यांना सांगायचा. नातवाचा पत्ता नव्हता, कारण मूलच नव्हतं. पण ही गोष्ट तो स्वतः काढायचा नाही आणि दुसऱ्यानं काढलेली त्याला खपायची नाही.

संवत छप्पनच्या, म्हणजे एकोणिसावं शतक सरतानाच्या मोठ्या दुष्काळानं माळव्यातली कामं आटली. कुणाच्या घरात खायला दाणा नाही, तो पलंग आणि पाळणे कुठून करून घेणार? तेवढ्यात समुद्रापलीकडे मोंबासाच्या रेल्वे कारखान्यात सुतार हवेत असं कळलं आणि दत्ताजीनं करार केला. निघताना तो चौकटीत उभा राहिला आणि रुक्मिणीला म्हणाला, "मी येईपर्यंत घर सोडायचं नाही. कुणी कितीही बोलावलं तरी नाही."

"नाही सोडत," रुक्मिणी म्हणाली. "येताना मला लुगडं नको, काही नको. तिकडच्या लाकडाचा कुंकवाचा करंडा करून आणा. झाकणावर पोपट काढा. आणि चोच नीट काढा हो, मागच्या वेळी पोपटाचा कावळा झाला होता."

तो हसला. रुक्मिणीसमोर तो हसायचा, ही एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगितली पाहिजे.

तो गेला आणि काही वर्षांनी एका भादव्यात पाळ फुटली. दिवसाउजेडी फुटली म्हणून माणसं वाचली. पाळीखालची सगळी आळी पाण्यात उभी राहिली आणि पाणी ओसरल्यावर एकेक घर खाली बसलं. मातीची घरं अशीच जातात. पडत नाहीत, ओली होऊन जागच्या जागी बसतात. रुक्मिणी पाळीच्या चढावर उभी राहून आपलं घर बसताना बघत होती. आधी मागची भिंत बसली, मग आढं खाली आलं, मग पुढची भिंत. पितळेची भांडी वाहून गेली, देव गेले, दळायचं जातं तेवढं चिखलात रुतून राहिलं.

आळीतली माणसं पांगली, ज्याला जिथं आसरा मिळाला तिथं गेली. रुक्मिणी हलली नाही. चिखलातून तिनं चौकट ओढून काढली, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातापाया पडून ती उभी केली, दोन्ही बाजूंनी दगड रचून टेकू दिला. दार धुऊन चौकटीत बसवलं. बाकी तीन बाजूंना तट्टे बांधले, वर गवत घातलं आणि त्यात राहू लागली. संध्याकाळी दाराला आतून कडी घालायची. तट्ट्याला कुणीही हात घालून आत आलं असतं, पण कडी चुकली नाही. दिवसा लोकांची दळणं दळायची. जातं वाचलं ते कामाला आलं. लोक म्हणत, "बाई, देवासला दिराकडे जा." ती म्हणे, "घर सोडू नको म्हणून सांगून गेलेत."

दीर म्हणजे दत्ताजीचा थोरला भाऊ, गणोजी. देवासला थोरल्या पातीच्या, म्हणजे तिथल्या दोन राजांपैकी थोरल्याच्या, बग्गीखान्यात चाकं आणि आस दुरुस्त करायचा. एका गाडीवानाच्या तोंडी तिनं त्याला निरोप धाडला की पुरात घर बसलं, यांना कळवा. गणोजीनं स्वतः धारला जाऊन बघायला हवं होतं. गेला नाही. पावसाळा आहे, रस्ता खराब आहे, बग्ग्या तुंबल्या आहेत. न जाण्याची कारणं माणसाला नेहमी हाताशी सापडतात. "इकडे ये म्हणावं," एवढा उलटा निरोप त्यानं दिला आणि आपलं कर्तव्य झालं असं मानून मोकळा झाला.

दत्ताजीला कळवण्याचं कामही त्यानं असंच उरकलं. दोघा भावांना अक्षराशी वैर. पण देवासचाच शालिग्राम नावाचा एक लोहार मोंबासाला निघाला होता, तो बग्गीखान्यात निरोप घ्यायला आला. गणोजी चाकाखाली वाकून आसाला वंगण भरत होता, तोंडात पान होतं. मान वर न करता तो म्हणाला, "दत्ताला एवढं सांग, धारचं घर बसलं. बाकी तो आला की बोलू."

आता माळव्यात आपल्या लोकांच्या तोंडात दोन भाषा एकाच ताटात जेवतात. मराठीत घर बसलं म्हणजे घर पडलं. हिंदीत घर बस गया म्हणजे लग्न झालं, संसार मांडला गेला. शालिग्राम मालवी माणूस. मराठी त्याला बाजारापुरती कळायची, आणि मराठी आपल्याला उत्तम येते असा त्याचा समज होता. धारचं घर म्हणजे दत्ताजीची धारची घरवाली, तिचं घर बसलं म्हणजे तिनं दुसरा केला, असा त्यानं अर्थ लावला. नवरा समुद्रापलीकडे, या जातीत बाईला पाट लावता येतो, म्हणजे दुसरं लग्न करता येतं, मालवीत त्याला नातरा म्हणतात, म्हणजे झालंच असणार. शिवाय थोरला भाऊ बोलताना मान खाली घालून होता. लाजेनंच घातली असेल! वंगण कुणी बघितलं?

मोंबासाला उतरल्यावर शालिग्राम पहिल्यांदा दत्ताजीच्या खोलीवर गेला. दत्ताजी करंडाच कोरत होता. काळ्या कुळकुळीत लाकडाचा, तिकडे मिळतं ते. झाकणावरचा पोपट जवळजवळ झाला होता, चोच राहिली होती.

"दत्ता भिया, बुरा मत मानना," शालिग्राम म्हणाला. "रुकमा भाभी का घर बस गया, धार में. गनोजी भिया ने खुद बोला. इतना ही बोला, नीची नजर करके."

दत्ताजीनं कुणाशी बसलं, केव्हा बसलं, काही विचारलं नाही. विचारायला तोंड होतं, मिशी आडवी आली. त्यानं हातातली पटाशी खाली ठेवली, शालिग्रामला चहा दिला आणि कारखान्यातल्या कामाची माहिती सांगत बसला. शालिग्राम गेल्यावर मात्र तो ढसाढसा रडला. आईबापांच्या वेळी रडला नव्हता इतका रडला. मग उठून त्यानं करंडा उचलला, फोडायला हात वर केला आणि खाली घेतला. लाकूड फार चांगलं होतं. पुढच्या सुट्टीत त्यानं चोच पुरी केली. सुरेख झाली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. परत जायचं, हा करंडा दुसऱ्या बाईच्या हातात द्यायचा आणि धारच्या त्या बाईला तो डोळ्यांनी बघायला लावायचा.

करार संपल्यावर तो इंदूरहून थेट देवासला गेला. धारची वाट त्यानं मुद्दाम टाळली. गणोजीनं कडकडून मिठी मारली, वहिनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवणं झाल्यावर दोघे भाऊ ओट्यावर बसले.

"धारचं कळलं मला," दत्ताजी म्हणाला.

"कळलं ना? मग काय बोलायचं. व्हायचं ते झालं."

"ती तिथंच आहे?"

"तिथंच. मी इकडे ये म्हणून सांगून पाठवलं होतं. नाही आली. आता तिचा हट्ट म्हटल्यावर मी काय करणार?"

दत्ताजीनं मान हलवली. थोरल्या भावानं समजवायचा प्रयत्न केला, तरी ती दुसऱ्याच्या घरात राहिली, असं त्याला ऐकू आलं. गणोजी पुढं सांगू लागला, "त्या भादव्यात काय झालं, तळ्याची..." तेवढ्यात दत्ताजी उठून आत गेला. त्याला तपशील नको होते. नंतरही कुणी धारचं नाव काढलं की तो उठून जायचा. एकदा वहिनी म्हणाली, "भावजी, धारचीला जरा..." तर त्यानं पाण्याचा तांब्या आपटला. "तिचं नाव या घरात काढायचं नाही!"

वहिनीनं आपल्या परीनं अर्थ लावला. मूल नाही म्हणून भावजींचं मन तिच्यावरून उडालं आहे. पुरुषाचं उडतंच. मग दुसरी करायला काय हरकत आहे? तिची कन्नौदकडची भाची, पार्वती, नवरा प्लेगात गेल्यापासून माहेरी भावजयीची भांडी घाशीत होती. वहिनीनं विषय काढला आणि दत्ताजी पहिल्याच शब्दाला हो म्हणाला. पार्वतीला पहिलीबद्दल कुणी काही सांगितलं नाही, तिचं नाव या घरात काढायचं नव्हतं ना! एक बायको असताना दुसरी केली म्हणून त्या काळी कुणाची भुवई वर चढत नसे. पहिली गेली म्हणून दुसरी करतोय असं दत्ताजीला वाटत होतं, पहिली असून दुसरी करतोय असं बाकीच्यांना. एका ओट्यावर बसून सगळ्यांनी सुपारी फोडली.

पाट लागला. पार्वतीच्या कपाळावर पुन्हा कुंकू चढलं आणि तिच्या हातात दत्ताजीनं तो काळा करंडा ठेवला. ती वेडी झाली आनंदानं. इतकी देखणी वस्तू तिच्या हाताला कधी लागली नव्हती. जेवताना शेजारी ठेवायची, निजताना उशाशी. या बाईचा या गोष्टीत काडीचा दोष नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

दोन दिवस गेले नाहीत तोच दत्ताजी म्हणाला, "हिला घेऊन धारला जातो. कालिकेला नारळ फोडून येतो."

"बरं होईल," गणोजी म्हणाला. "तिलाही कळायला हवंच की."

"तेवढ्यासाठीच जातोय," दत्ताजी म्हणाला, आणि या बाबतीत तरी तो खरं बोलला.

वाटेत बैलगाडीत पार्वती कन्नौदच्या बाजाराच्या गमती सांगत होती. दत्ताजी मनात शब्द जुळवत होता. आधी तिच्या नव्या दारावर जायचं. पत्ता जुन्या आळीत कुणीही सांगेल. ती बाहेर आली की काही बोलायचं नाही, पार्वतीला पुढं करायचं. करंडा तिच्या हातात असेलच. एवढं पुरे. तिचा चेहरा कसा होईल तो त्यानं इतक्या वेळा मनात बघितला होता की आता फक्त जाऊन पडताळून पाहायचं राहिलं होतं.

तळ्याची पाळ दिसली आणि त्यानं गाडी थांबवायला सांगितली. पाळीत मधोमध नव्या मातीचं मोठं ठिगळ होतं. तिच्याखाली आळी नव्हती. तांबटाचं घर नव्हतं, शिंप्याचं नव्हतं, विहिरीचं तोंड तेवढं गवतात दिसत होतं. त्या मोकळ्या रानात एकच गोष्ट उभी होती, त्याची चौकट. वर गणपती, बाजूला वेलबुट्टी, तेल लावून पुसलेली, जराशी तिरकी. बंद दार. मागे तट्ट्यांचं खोपट.

दत्ताजी चालत गेला. पार्वती मागून येत होती. दाराच्या आत जात्याची घरघर थांबली, कडी वाजली आणि रुक्मिणी चौकटीत आली. केस पांढरे झालेले, हातांना पिठाचं पांढरं. तिनं बघितलं आणि पदर ओढायचं विसरून ती मोठ्यानं हसली.

"आलात! मला ठाऊकच होतं. मी सगळ्यांना सांगत होते, भावजींनी निरोप धाडलाय. घर बसलं म्हणून कळल्यावर ते थांबायचे नाहीत तिकडे."

घर बसलं. शालिग्रामच्या तोंडून ऐकल्यापासून हे शब्द दत्ताजीच्या छातीत रुतून बसले होते. आता बायकोच्या तोंडून, आपल्या आईच्या भाषेत, त्यानं ते पहिल्यांदा ऐकले. समोर बसलेलं घर पसरलं होतं. गवतातून मातीचा उंचवटा दिसत होता, आपल्या मागच्या भिंतीचा. त्याला सगळं कळलं.

रुक्मिणीचं लक्ष पार्वतीच्या हाताकडे गेलं. "अगं बाई, पोपट! काढलात?" ती दोन पावलं पुढं आली, पीठ लागलेला हात लुगड्याला पुसला आणि करंड्यासाठी पुढं केला. "आणि चोचही नीट आलीय या खेपेला."

पार्वतीनं करंडा छातीशी धरला. मग दुसरी बाई वयानं मोठी आहे असं बघून तिनं वाकून नमस्कार केला.

"ही कोण?" रुक्मिणीनं विचारलं.

पार्वती कन्नौदला वाढलेली. मराठी तिची घरातली, पण शब्द सगळे तिकडचे. ती लाजली आणि हसून म्हणाली, "जीजी, आमचं घर बसलं ना परवाच."

"अरे देवा, तुमचंही?" रुक्मिणी कळवळली. तिनं पार्वतीचा हात हातात घेतला. "कुठं गं? पाणी फार होतं का? माणसं वाचली ना? ये, आत ये, उभी काय राहिलीस? यांनी आणलं ते बरं केलं. मी राहिलेच की नाही या तट्ट्यांत? दोघी राहू."

पार्वतीला हसू आवरेना. "पाणी कशाचं जीजी? नातरा झाला आमचा. देवासला." तिनं मान वळवून दत्ताजीकडे बघितलं आणि कपाळावरचं कुंकू सारखं केलं. मग तळ्याकडे बघत म्हणाली, "देवीला जायचंय ना? मी पाय धुऊन येते." आणि करंडा सांभाळत ती पाळीकडे गेली.

रुक्मिणीचा हात होता तिथंच हवेत राहिला.

"मला शालिग्रामनं सांगितलं," दत्ताजी म्हणाला. "तुझं घर बसलं. तू दुसरा..."

"मी दुसरा केला?"

त्यानं नजर उंबऱ्याकडे वळवली.

"आणि तुम्ही कुणाला विचारलंत?"

तो चौकटीवरची वेलबुट्टी बघू लागला.

"गणोजी भावजींना विचारलंत? आळीतल्या कुणाला? मला?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "मी आधी ही चौकट ओढून काढली हो चिखलातून. देव शोधायला जायचं होतं, पण म्हटलं चौकट गेली तर तुम्हाला आपलं घर ओळखू यायचं नाही. देव सोडले मी."

ती आत गेली. दत्ताजीला वाटलं आता रडेल, शिव्या देईल, आणि मग आपल्यालाही काही बोलता येईल. ती एक गाठोडं घेऊन बाहेर आली. खोपटाच्या दोन्ही बाजूंना वाट होती, तट्टा सरकवला की झालं. पण ती दारातूनच आली, उंबरा ओलांडून. दार ओढून घेतलं, कुलूप घातलं.

"तुम्ही येईपर्यंत घर सोडू नको म्हणाला होतात," ती म्हणाली. "आलात तुम्ही."

किल्ली तिनं उंबऱ्यावर ठेवली. "दार जरा वर उचलून लावावं लागतं. चौकट नीट बसली नाही." आणि ती चालू लागली, गावाकडे नाही, दक्षिणेकडच्या वाटेनं. दत्ताजीनं हाक मारली नाही. हाक मारली असती तर ती थांबली असती की नाही कुणास ठाऊक, पण त्यानं मारली नाही एवढं खरं. लाज होती म्हणा, मिशी म्हणा.

पार्वती ओले पाय घेऊन परत आली. वाटेवर लांब गेलेल्या पाठमोऱ्या बाईकडे तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"जीजी निघाल्या? कोण होत्या हो त्या?"

खरं सांगायची ही शेवटची वेळ होती. दत्ताजीनं मिशीवरून हात फिरवला.

"घर राखायला ठेवली होती," तो म्हणाला.

"एवढ्या पुरात चौकट राखली बिचारीनं," पार्वती म्हणाली. "मग तिला काही दिलं की नाही?"

दत्ताजी वाकला आणि उंबऱ्यावरची किल्ली उचलू लागला.